काळवीट कमी झालं की माळ?

माळकरी

आधीच सांगतो, हा धागा त्या हिरोच्या काळवीट शिकारीच्या केसबद्दल नाहीये. काळवीट म्हटलं की दोन मिनिटांत गाडी तिकडेच वळते, मग शंभर प्रतिसाद पडतात आणि काळवीट राहतं बाजूला.

तर मुद्दा असा. काळवीट हा फक्त आपल्या उपखंडाचा प्राणी. टेक्सास आणि अर्जेंटिनात आहेत पण ती माणसानं शिकारीसाठी नेऊन सोडलेली. गंमत म्हणजे पाकिस्तानात ती संपली तेव्हा लाल सुहांराच्या पार्कसाठी टेक्सासमधूनच परत आणावी लागली. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ४० लाखांच्या आसपास असावीत असा अंदाज सगळीकडे वाचायला मिळतो. तेव्हा कुणी मोजायला बसलं नव्हतं हे उघड आहे, पण हजारोंच्या कळपांची वर्णनं जुन्या लोकांनी लिहून ठेवलीयत त्यामुळे आकडा अगदीच हवेतला नाही. १९६०-७० पर्यंत ती वीस-पंचवीस हजारांवर आली होती. रात्री जीप, गाडीचा प्रखर दिवा आणि बंदूक, बस. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, शिकार बरीच थांबली आणि आज देशात ५० हजारांच्या आसपास असतील.

मग काय, सक्सेस स्टोरी? कागदावर हो. जागतिक यादीत तर ते आता 'फार काळजी नको' गटात आहे. पण आपल्या नगर-सोलापूर-पुणे पट्ट्यात फिरलात तर दिसतं की कळप आहेत पण तुकड्या-तुकड्यात आहेत, इथे वीस तिथे चाळीस, आणि मधे ऊस, प्लॉटिंग, हायवे, सोलर. पूर्वी ज्या माळावर दिवसभर चालत जावं असा सलग पट्टा होता तिथे आता उरलेले कोपरे आहेत. रेहेकुरी अभयारण्य (कर्जत तालुका, नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर) १९८० मध्ये खास काळविटासाठी झालं, त्याचं क्षेत्रफळ माहितीये? २.१७ चौरस किलोमीटर. काही गावांची गायरानं याहून मोठी होती.

माझं म्हणणं एवढंच की बंदूक हा आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही. आपण माळाला 'रिकामी जागा' समजतो हा मुख्य प्रश्न आहे. काळवीट जंगलात राहत नाही हो. त्याला झाडी आवडतच नाही. उघडी जमीन, आखूड गवत, चारी बाजूंना लांबवर नजर जाईल अशी जागा त्याला लागते, कारण त्याचा सगळा बचाव दोन गोष्टींवर आहे, लांबून बघणं आणि पळणं. झाडं लावली की लांडग्याला नाही तरी कुत्र्यांना आडोसा मिळतो आणि काळवीट ती जागा सोडतं.

तुमच्या भागात काय परिस्थिती आहे ते लिहा. विरोधी मतं पण चालतील, शिव्या नकोत.

टवाळ_कार्टं

हिरोच्या केसबद्दल नाही म्हणून पहिल्याच ओळीत हिरोची आठवण करून दिल्याबद्दल आभार 😄

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अनघा_क

छान धागा. एक प्राथमिक प्रश्न, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात आम्ही जे बघितलं ते काळवीटच ना? रंग फिका होता, शिंगं सरळसर होती. गाइडनं फक्त 'हरीण' सांगितलं.

माळकरी

@अनघा_क, ते चिंकारा. मयूरेश्वर चिंकाऱ्यासाठीच आहे, तेही छोटंसंच, ५ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. ओळखायला सोपं, काळविटाच्या नराची शिंगं पिळाची असतात आणि वयात आलेला दमदार नर पाठीवरून काळा-गडद तपकिरी आणि पोटाखाली पांढराशुभ्र. मादीला बहुधा शिंगं नसतात. चिंकाऱ्यात मादीलाही असतात, बारीक. चिंकारा झुडपाचा पाला पण भरपूर खातो, खडकाळ काटेरी माळ त्याला चालतो. काळवीट मुख्यतः गवतावर. म्हणून गवत गेलं की आधी फटका काळविटाला.

बार्शीकर_शेतकरी

तुमी सगळे फोटोवाले लोक आहात म्हणून तुमाला कौतुक. आमच्या हिकडं या एकदा सोयाबीन उगवून वर आलं की. चार पानावर पीक असताना रात्रीत कळप आला की सकाळी शेत बगवत नाही. पेरलं, खत टाकलं, औषध मारलं, आणि हे येऊन शेंडे खाऊन जातात. बरं नुसतं खात नाहीत, तुडवतात बी, आणि नर एकमेकाला भिडले की तेवढा पट्टा सपाट. हरबऱ्याचं तसंच. मारायचं नाही, मान्य. पण मग राखण कोणी करायची? मी रात्री शेतात आणि दिवसा पण शेतात, झोपायचं कवा. बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या बांधाला, आठवडाभर भ्याली, मग त्या साड्याच्या खालनं जायला लागली. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं) बसवलं, बॅटरी चोरीला गेली. ही चोरी काय काळविटानं नाही केली ते मला बी माहितीये, पण खर्च माझाच ना.

भरपाईचं विचारू नका. अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा, परत फेरी. ज्याची दोन एकर आहे त्यानं मजुरी बुडवून एवढ्या फेऱ्या मारायच्या तर हातात येणाऱ्या रकमेत गाडीचं पेट्रोल निगतंय.

निशिगंध

बार्शीकरांशी १०० टक्के सहमत. शहरात बसून 'वन्यजीव वाचवा' म्हणणं सोपं असतं.

पक्षीवेडा

@बार्शीकर_शेतकरी तुमचा त्रास खरा आहे, त्यात वादच नाही. पण एक विचारतो, रागावू नका. तुमच्या शिवारात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काळविटं नव्हती का? तेव्हा ती कुठे चरायची?

बार्शीकर_शेतकरी

होती की. जास्तच होती. गावाच्या वरच्या अंगाला माळ होता, गायरान. गुरं बी तिथंच, मेंढरं बी तिथंच, काळवीट बी. सुगीला खाली यायची थोडी, पण एवढा उच्छाद नव्हता. आता त्या माळावर अर्ध्यात वनीकरण झालंय तारेचं कुंपण घालून, थोड्यात प्लॉट पडलेत, राहिल्यात मुरूम काढून खड्डे केलेत. मग ती जाणार कुठं, माझ्याच शेतात येणार. मला ते कळतंय हो. कळतंय म्हणून पीक वाचत नाही ना.

माळकरी

धाग्याचा अर्धा मुद्दा बार्शीकरांनी चार ओळीत लिहिला, मी उगाच तीन परिच्छेद खर्च केले.

डॉ_गवते

वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, त्यामुळे लांबण लावतो, सहन करा.

इंग्रजांच्या काळात जमिनीच्या नोंदी झाल्या तेव्हा महसूल देते ती शेती आणि लाकूड देतं ते जंगल, या दोन्हीत न बसणारं जे ते सगळं पडीक अशी वाटणी झाली. माळरान त्या तिसऱ्या खान्यात पडलं आणि अजून तिथंच आहे. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघालं, नावातच आलं बघा, 'विकास' करायचा. म्हणजे काय तर झाडं लावायची. दुष्काळी भागाच्या योजनांमधून चर खणले, सुबाभूळ लावली, ग्लिरिसिडिया लावली, निलगिरी लावली. नगर-सोलापूरच्या माळावर वार्षिक पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, आणि खाली वीतभर माती मग मुरूम. तिथे मोठी झाडं मुळात कमी असण्याचं कारण कुणी तोडली हे नसून पाऊस, माती आणि चराई या तिन्हीचा तो हिशोब आहे. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा हे गवत तिथलं मूळ रहिवासी आहे, उन्हाळ्यात वाळून पिवळं होतं म्हणून मेलेलं नसतं. पहिल्या पावसानंतर आठवड्यात बघा.

सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब चर, हा तर माझा आवडता विषय. जिरायती शेताच्या वर, डोंगरउतारावर, जरूर खणा. पण गवताळ सपाट माळावर जेसीबीनं ओळीनं चर मारले की वरचा मातीचा थर उलटतो, गवताची जुनी मुळं उपसली जातात आणि त्या मोकळ्या मातीत पहिली कोण येते तर वेडी बाभूळ. शिवाय पाडसं. काळविटाची मादी वेल्यावर पाडसाला सुरुवातीचे काही दिवस गवतात बसवून ठेवते, ते हलत नाही, मादी लांब चरते आणि पाजायला येते. तिथे चर, ढिगारे, झुडपं झाली की कुत्र्यांचं काम सोपं.

पक्षीवेडा

+१ सर. वेड्या बाभळीबद्दल अजून लिहा ना. वेळावदरला (भावनगरजवळचं, तिथलं राष्ट्रीय उद्यान १९७६ चं) मी ऐकलं की काळविटंच तिच्या शेंगा खातात आणि बिया पसरवतात?

डॉ_गवते

बरोबर ऐकलंत. उन्हाळ्यात गवत संपलं की गोड शेंगा खातात आणि लेंडीतून बी रुजतं. म्हणजे बिचारं स्वतःचंच घर बुजवत असतं. आणि काळविटाचे नर ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात, हद्द दाखवायला, त्यामुळे तिथे बी एकगठ्ठा पडतं. तिकडे बाभूळ मुळापासून उपटत राहणं हे कायमचं काम होऊन बसलंय. नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटवे येतात हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

टवाळ_कार्टं

सर मग २०१९ ची ३३ कोटी वृक्षलागवड? त्यात आमच्या कॉलेजनं पण एका माळावर खड्डे खणले होते, एनएसएसचे मार्क होते. सेल्फी अजून आहे.

डॉ_गवते

झाड जगलं का?

टवाळ_कार्टं

सेल्फी जगला.

निशिगंध

पण झाडं लावण्याला विरोध म्हणजे जरा अतीच होतंय हां. उद्या लोक म्हणतील पर्यावरणवालेच झाडांच्या विरोधात. ग्लोबल वॉर्मिंगला उत्तर काय मग?

माळकरी

@निशिगंध, झाडांना विरोध नाही, चुकीच्या जागेला आहे. गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, ओढ्याच्या काठानं लावा, बांधावर लावा, शाळेत लावा, जंगल तुटलंय तिथे तर नक्कीच लावा. गवताळ जमीन कार्बन धरते तो बराचसा जमिनीखाली मुळांत आणि मातीत, तो वणव्यातही बराचसा खालीच राहतो. नांगरलं किंवा जेसीबी घातला की तोच बाहेर येतो. तेव्हा गवत काढून झाड लावलं म्हणजे फायदाच झाला असं नाही.

आजोबा_कर्जतकर

नमस्कार. मुलानं हा धागा दाखवला. रेहेकुरी होण्याआधीचा काळ मी पाहिलेला आहे. तेव्हा शिकारीला येणारे लोक गावात मान देऊन ठेवून घेतले जायचे, आज ऐकायला विचित्र वाटेल. आमच्या तरुणपणी काळविटाच्या मांसाचं कुणाला काही वाटत नसे. अभयारण्य झालं तेव्हा गावातले बरेच नाराज होते, चराई बंद म्हणून. पुढं पंधरा-वीस वर्षांनी कळप वाढले तसे तेच लोक पाहुण्यांना दाखवायला घेऊन जाऊ लागले. माझा अनुभव असा की लोकांना प्राण्याचा राग नसतो. विचारलं नाही याचा राग असतो.

दुसरं असं की अभयारण्यात गवत ठेवलं, पाणवठे केले, ते ठीक. पण काळवीट सीमा ओळखत नाही, पहाटे बाहेर शेतात आणि ऊन तापलं की आत. म्हणजे खाणावळ शेतकऱ्याची आणि लॉज सरकारचं.

टवाळ_कार्टं

खाणावळ आणि लॉज 👏👏 आजोबा रॉक्स

विदर्भवीर

आमच्याकडं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, वाशिम जिल्ह्यात, २००० साली झालं, अठरा चौ.किमी. च्या वर. काळविटं चांगली दिसतात. पण तिथं जायला कुणी येत नाही, सगळे ताडोब्याला पळतात. वाघ दिसला नाही तर पैसे वाया गेले म्हणतात आणि काळवीट फुकट दिसलं तर गाडी पण हळू करत नाहीत.

एक अजून सांगतो. फासेपारध्यांना शिकारी म्हणून नेहमी बोल लावला जातो, या धाग्यावर अजून कुणी लावला नाही हे विशेष. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला शिक्का पुसला तरी पोलीस आणि गाववाले विसरले नाहीत. पण अकोला-वाशिम पट्ट्यात याच समाजातल्या लोकांनी तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी गवताचे पट्टे राखलेत, चराई-कापणीचे नियम स्वतः पाळून. माळाची एवढी माहिती दुसऱ्या कुणाकडं आहे सांगा मला. कुठलं गवत कधी फुटतं, काळवीट कुठल्या वाटेनं पाण्यावर येतं, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक. त्यांना राखणदार केलं तर पगार द्या, ओळखपत्र द्या, काम होईल.

पक्षीवेडा

@विदर्भवीर, १०० वेळा +१.

आणि राजेलोकांचं कुणी बोलत नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटावर सोडायचे, त्यासाठी खास चित्ते सांभाळणारी माणसं होती, देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणले. वेळावदर हे मुळात भावनगरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव कुरणच. पण एक मान्य करावं लागतं की शिकारीसाठी का होईना त्यांनी कुरणं नांगरू दिली नाहीत. चित्ता १९५२ मध्ये देशातून संपल्याचं जाहीर झालं, काळवीट थोडक्यात वाचलं.

निशिगंध

म्हणजे शिकारी राजे चांगले? वा!

पक्षीवेडा

असं कुठे म्हटलं. कुरण राखलं एवढंच म्हटलं.

बार्शीकर_शेतकरी

मध्य प्रदेशात हेलिकॉप्टरनं काळविटं पकडून नेली म्हणं, आमच्याकडं का नाही करत?

माळकरी

हो, शाजापूरकडे २०२५ मध्ये केलं. बोमा पद्धत म्हणतात, आफ्रिकेतली. मोठं नरसाळ्यासारखं कुंपण करतात, बाजूला कापड-गवताचा आडोसा, हेलिकॉप्टरनं कळप हळूहळू त्या तोंडाकडे वळवतात आणि अरुंद टोकाला ट्रक उभा असतो. हात न लावता, बेशुद्ध न करता आत जातात. शेकडो प्राणी हलवले.

पण खर्चिक आहे आणि काळवीट अतिशय घाबरट. खूप पळवलं, पकडताना झटापट झाली की स्नायूंवर आणि हृदयावर ताण येऊन नंतरही मरतं, म्हणून जाळी टाकून पकडण्याचे गावठी प्रकार अजिबात नकोत. आणि मुख्य म्हणजे नेऊन सोडणार कुठे? तिकडे मोठी राखीव क्षेत्रं होती. आपल्याकडे रेहेकुरीत आणून सोडली तर ती दुसऱ्या दिवशी कर्जतच्या शेतात. बरं, इकडचा कळप उचलला आणि माळ तसाच उघडा ठेवला तर पाच वर्षांत दुसरा कळप तयार.

सीमोल्लंघन

सोलापूरची आहे, जरा नान्नजचं लिहिते. १९७९ मध्ये तिथं माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केलं ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, तालुक्याची ठिकाणं, शेती सगळं आलं. माझ्या मामाला स्वतःच्या जमिनीवर साधं काही करायचं तर परवानग्या, जमीन विकायची तर अडचण. वर्षानुवर्षं लोकांनी ते ओढलं, माळढोक म्हटलं की शिवी यायची तोंडात. शेवटी सुप्रीम कोर्टातून होऊन ते साधारण १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोपर्यंत माळढोक जवळपास संपला होता. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवताच्या तुकड्यांमध्ये काळविटं मात्र वाढली, लांडगे टिकले. मला यातून असं वाटतं की नकाशावर हजारो किलोमीटर रंगवून काही होत नाही. छोटे पण खरोखर राखलेले तुकडे, आणि त्यांच्यामधे जायला वाट, हे जास्त उपयोगी. वाट नसेल तर मात्र तेच ते वीस-पंचवीस जनावरं आपसात वाढत राहतात आणि एखाद्या साथीत किंवा दुष्काळात सगळा कळपच जातो.

आणि कुत्र्यांचं कुणी नीट लिहीत नाहीये. आमच्या भागात कोंबड्यांच्या पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर फेकतात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, टोळ्या होतात, आणि मग त्या टोळ्या काळविटाची पाडसं आणि मेंढरांची कोकरं दोन्ही मारतात. लांडग्याला पण त्यांचे रोग लागतात. याला ना मोठा प्रोजेक्ट लागतो ना हेलिकॉप्टर, खड्डा खणून चुना टाकून पुरा म्हणावं.

डॉ_गवते

उत्तम प्रतिसाद. पोल्ट्रीचा मुद्दा शंभर नंबरी.

अनघा_क

विहिरींचं पण लिहा कुणीतरी. बातम्यांत सारखं येतं, काळवीट विहिरीत पडलं.

बार्शीकर_शेतकरी

विहिरीपेक्षा आता शेततळी. आत प्लास्टिकचा कागद असतो, पाणी प्यायला उतरलं की पाय घसरतो, वर येता येत नाही, खुर टिकतच नाहीत त्याच्यावर. पोहून पोहून दमतं आणि जातं. कुत्री माणसं सुदिक गेल्यात असं. आमी एका बाजूनं जाड दोराला जुनी टायरं बांधून पाण्यापर्यंत सोडलीत, माणूस पडला तरी धरायला होतं. जास्त खर्च नाही. विहिरीला कठडा बांधायला मात्र पैसे लागतात, त्याला योजनेत बसवा म्हणावं.

माळकरी

टायरची आयडिया भारी आहे, इतरांनी पण लक्षात ठेवा.

निशिगंध

चराई पूर्ण बंद केली तर गवत वाढेल ना पण? मेंढपाळांमुळेच माळ बोडके होतात असं वाचलंय.

डॉ_गवते

इतकं सरळ नाही ते. काळवीट आखूड, कोवळं गवत पसंत करतं. चराई पूर्ण बंद केली की गवत पुरुषभर वाढतं, वाळतं, त्याच्यावर वणवा येतो किंवा झुडपं घुसतात. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळ पक्षी उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, लोकांचा विरोध झाला, गोळीबारापर्यंत गेलं, आणि पुढे पाण्यात एका जातीचं गवत इतकं माजलं की पक्ष्यांनाच जागा उरेना. तिथलं पाणी वेगळं, आपला माळ वेगळा, पण धडा तोच. उलट बाराही महिने हवी तेवढी जनावरं सोडली तर मारवेल-पवन्यासारखं चांगलं गवत संपतं आणि नुसती कुसळी आणि तरोटा उरतो. म्हणून पाळीपाळीनं चराई. माळाचे भाग पाडा, पावसाळ्यात गवताला बी धरू द्या, मग एकेक भाग उघडा. आपले धनगर पूर्वी हेच करत होते. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे, माळाला मोकळीक मिळायची. आता वाटा बंद झाल्या, कुंपणं आली, तर त्याच माळावर जास्त काळ बसावं लागतं.

आजोबा_कर्जतकर

धनगराची मेंढरं शेतात बसवली की खत मिळायचं, त्याचे पैसे नाहीतर धान्य द्यायचे लोक. आता युरिया आला, धनगर नको झाला.

टवाळ_कार्टं

बरं मग करायचं काय? उपाय सांगा, मी एनएसएसचं पाप धुवायला तयार आहे.

माळकरी

मला जे पटतं ते लिहितो, यादी बनवत नाही.

पहिली गोष्ट भरपाई. शेतकऱ्यानं मोबाइलवर फोटो टाकला, ठरलेल्या दिवसांत पंचनामा झाला, पैसे खात्यात आले, एवढं झालं तरी अर्धा राग कमी होईल. ज्या गावात काळवीट आहे त्या गावाला सामूहिक कुंपणासाठी पैसे द्या, एकेकट्याला नको, कारण एकानं झटका लावला की कळप शेजाऱ्याकडे जातो आणि भांडणं लागतात. दुसरं, गायरानाच्या नोंदी ग्रामपंचायतीत जाऊन बघा. खरोखर. पुष्कळ गावांत लोकांना माहीतच नसतं की कुठला गट गायरान आहे, आणि एक दिवस सोलरचा नाहीतर कसल्यातरी प्रकल्पाचा बोर्ड लागल्यावर कळतं. सोलर पण हवंय, मी वीज वापरतोच, पण कोरडवाहू पडून असलेल्या खासगी जमिनीचं भाडं शेतकऱ्याला मिळू द्या की, दरवेळी गवताचा माळच का.

पुण्याच्या वन विभागानं इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीला शिरसुफळ इथे ग्रासलँड सफारी सुरू केलीय, स्थानिक पोरं गाइड. हे मला आवडलं कारण तिथे माळाला माळ म्हणून तिकीट आहे. गाड्या वाढल्या की गवतातून आडव्या घालणारे पण वाढतील ही भीती आहेच, विशेषतः लांडग्याच्या मागे लागणारे फोटोवाले.

बार्शीकर_शेतकरी

सफारीचा पैसा गावाला मिळतो का जिल्ह्याला?

माळकरी

गाइड आणि गाडीवाल्यांना थेट मिळतो. ज्याचं शेत खाल्लं त्याला मिळत नाही. तुमचा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

विदर्भवीर

बिष्णोईंचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून मीच देतो. १४८५ पासूनचा पंथ, २९ नियम, प्राण्यासाठी जीव देतील. ओडिशात गंजामला पण लोक काळवीट शेतात आलं तर शुभ मानतात, हाकलत नाहीत, तिथं काही हजार झालेत. पण ते पाहून आपल्या शेतकऱ्याला 'तुम्ही का नाही तसं करत' म्हणणं बरोबर नाही. श्रद्धा ऑर्डर देऊन येत नाही.

टवाळ_कार्टं

बिष्णोई आले म्हणजे आता हिरो आलाच. १९९८ ला कांकाणीत शिकार, २०१८ ला पाच वर्षं शिक्षा, दोन दिवसांत जामीन. झालं. मी शब्द पाळला, एका ओळीत संपवलं.

सीमोल्लंघन

एका ओळीत संपवलं पण आणलंच 😄

@बार्शीकर_शेतकरी, तुमच्या गावच्या त्या वनीकरणाच्या कुंपणाबद्दल विचारायचं होतं. आतली झाडं जगलीत का? आमच्याकडे एका गावानं ग्रामसभेत ठराव करून मागणी केली की अमुक भागात झाडं मेलेली आहेत, तिथे परत खड्डे न खणता गवताचं बी पेरा आणि उन्हाळ्यात कापून न्यायची परवानगी द्या. मारवेल आणि पवन्याचं बी पेरलं. वैरणीला गवत मिळालं, काळविटं पण आत चरायला लागली.

बार्शीकर_शेतकरी

निम्मी मेली. ग्लिरिसिडिया तेवढी राहिली, तिला शेळी बी तोंड लावत नाही फारशी. ठरावाचा मसुदा असला तर पाठवा, मराठीत, सोप्या भाषेत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतो. सरपंच माझा चुलतभाऊ आहे, पण आमचं बोलणं नाही, ते बघतो मी.

डॉ_गवते

बी कुठून घेणार ते आधी ठरवा. बाजारातलं सुधारित चारा-गवत आणू नका, त्याच माळाच्या कोपऱ्यावर दसऱ्याच्या आसपास मारवेल पक्का होतो, हातानं ओरबाडून पोत्यात भरता येतो. गोळा केलेलं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने कोरड्या जागी ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरावं. कुसळीचं बी मेंढराच्या अंगात घुसतं, ते मुद्दाम पेरू नका, ते आपलं आपण येतं.

सीमोल्लंघन

मसुदा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते. सातबारा आणि वन विभागाच्या ताब्याची नोंद दोन्ही जोडा, नाहीतर पहिल्याच टेबलावर परत येतो कागद.